जुन्या नावांच्या नव्या मोटारसायकली

मोटारसायकलची कंपनी बंद पडली तरी तिचे नाव बंद पडत नाही. कारखान्याला कुलूप लागते, यंत्रे लिलावात जातात, कामगार पांगतात; पण टाकीवरचे बोधचिन्ह, इंजिनाचा ठेका आणि त्या गाडीवर तारुण्य घालवलेल्या माणसांच्या आठवणी मागे राहतात. या आठवणींना बाजारात मोल आहे हे उद्योजकांच्या ध्यानात आले आणि गेल्या चाळीस वर्षांत ट्रायम्फ, इंडियन, नॉर्टन, जावा, येझदी, बीएसए ही नावे पुन्हा रस्त्यावर आली. त्यांतली काही भक्कम उभी राहिली, काही दुसऱ्यांदा बुडाली, तर काहींचा निकाल अजून लागायचा आहे. हा फरक का पडतो हे समजण्यासाठी आधी या गाड्या आज कोण घेतो आणि कशासाठी घेतो, ते पाहावे लागते.

कामाची गाडी, रविवारची गाडी

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतात मोटारसायकल घेणाऱ्यापुढे फारशी निवड नव्हती. लष्करात, पोलिसांत आणि ऐपतदारांच्या दारात बुलेट, गावोगावच्या दूधवाल्यांकडे राजदूत आणि कॉलेजच्या मुलांच्या मनात जावा किंवा येझदी, अशी साधारण वाटणी होती. १९८४-८५च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सीसीच्या गाड्या आल्या आणि चित्र पालटले. हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० थोड्या पेट्रोलमध्ये लांब जात असे आणि तिची देखभालही सोपी होती. रोज कामावर जाणाऱ्याने तिच्याकडे मोर्चा वळवला, आणि जड, जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्या मागे पडल्या.

पुढे उत्पन्न वाढले, रस्ते सुधारले आणि याच जड गाड्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. हे गिऱ्हाईक आठवडाभर लोकलने, मोटारीने किंवा स्कूटरने कामावर जाते आणि मोटारसायकल काढते ती शनिवार-रविवारी, केवळ चालवण्याच्या आनंदासाठी. मुंबई-पुण्याच्या परिसरात या हौसेचे ठरलेले रस्ते आहेत. एक्स्प्रेस-वेवर दुचाकींना बंदी असल्याने पनवेल, खोपोली, खंडाळा, लोणावळा असा जुना महामार्ग दुचाकीस्वारांच्या वाट्याला येतो. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी क्षणभर थांबून हात जोडण्याची ट्रकचालकांची रीत अनेक मोटारसायकलस्वारही पाळतात. पुण्याहून पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढणारा रस्ता हेही तितकेच लोकप्रिय.

ग्रुप राईडला स्वतःची शिस्त असते. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला अनुभवी स्वार, सर्वांत मागे तितकाच अनुभवी दुसरा, आणि नवखे मध्ये. गाड्या एकामागे एक सरळ रेषेत न चालवता एक लेनच्या डावीकडे तर पुढची उजवीकडे अशा तिरक्या रांगेत चालवतात, म्हणजे प्रत्येकाला ब्रेक लावायला पुरेशी जागा राहते. घाटात मात्र ही रांग मोडून एकेरी ओळ धरायची असते. पहाटे निघायचे, घाट चढून मिसळ किंवा वडापाव खायचा आणि ऊन चढण्याआधी परतायचे, हा अशा राईडचा ठरलेला साचा.

या प्रकारच्या फिरण्याला जुन्या धाटणीची गाडी मानवते, आणि त्याला यांत्रिक कारण आहे. अशा गाड्यांच्या इंजिनात पिस्टनचा प्रवास सहसा लांब असतो आणि फेरे कमी असतानाच चांगला जोर मिळतो. त्यामुळे घाटात वारंवार गिअर न बदलता गाडी चढ चढते. हँडल उंच, सीट रुंद आणि बसण्याची ढब ताठ असल्याने पाठीवर ताण कमी येतो. ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या वेगात ही गाडी सर्वांत सुखाची वाटते, आणि रविवारच्या राईडला त्याहून जास्त वेगाची गरजही नसते.

म्हैसूरची जावा

भारतातील पुनरुज्जीवनाचे सर्वांत ठळक उदाहरण जावाचे. फ्रान्टिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्राग येथे या कंपनीचा पाया घातला. भारतात १९६० साली रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली आणि परवान्याने २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या बनवायला सुरुवात केली. परवान्याचा काळ संपल्यावर १९७३पासून त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाड्या निघू लागल्या. येझदी रोडकिंग ही त्यांतली सर्वांत नावाजलेली.

या गाडीच्या रचनेत एक खास गोष्ट होती. गिअर आणि किक यांना एकच दांडा होता. डाव्या पायाशी असलेला गिअरचा दांडा आत दाबून उभा केला की तोच किकचे काम करी. गाडी सुरू झाली की पुन्हा खाली आणून त्यानेच गिअर टाकायचे. दांड्यावर पाय दाबताच क्लच आपोआप काही अंशी सुटत असे, त्यामुळे सरावलेला स्वार क्लच न ओढताही गिअर बदले. दोन सायलेन्सरमधून येणारा टू-स्ट्रोकचा तो खणखणीत आवाज गल्लीच्या टोकावरून ओळखू येई. इंजिनाची बांधणी साधी असल्याने प्लग साफ करणे, पॉइंट लावणे, कार्ब्युरेटर उघडणे ही कामे मालक स्वतः रस्त्याच्या कडेला करू शकत असे.

पण बाजार बदलला, पेट्रोल महाग झाले, धुराचे नियम कडक होऊ लागले आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. त्यानंतरची दोन दशके हे नाव जिवंत ठेवले ते मालकांनी आणि मेकॅनिकांनी. जुन्या बाजारातून सुटे भाग शोधणे, लेथवर बुश घडवून घेणे, एका मोडक्या गाडीचे भाग दुसरीला बसवणे, असा हा खटाटोप होता. शहराशहरांत क्लब निघाले आणि जुलैचा दुसरा रविवार जावा दिवस म्हणून साजरा होऊ लागला. कंपनी नसताना गाडीचा दिवस साजरा होतो, यातच नावाची ताकद दिसते.

नाव परतले, पुढे काय?

ही ताकद ओळखून महिंद्र समूह, अनुपम थरेजा आणि रुस्तम इराणी यांचे पुत्र बोमन इराणी यांनी क्लासिक लेजेंड्स ही कंपनी उभी केली. मूळ चेक कंपनीकडून जावा नावाचा परवाना घेण्यात आला. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत जावा आणि जावा फॉर्टी टू या गाड्या सादर झाल्या. टाकीचा गोलावा, सोनेरी रेघा आणि दोन सायलेन्सर जुन्या जावासारखे होते. आत मात्र २९३ सीसीचे, पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन होते. कारखाना म्हैसूरला नव्हे, तर मध्य प्रदेशात पिथमपूरला.

प्रतिसाद एवढा आला की पुढल्या सप्टेंबरपर्यंतच्या गाड्या आधीच विकल्या गेल्या आणि २५ डिसेंबर २०१८ रोजी ऑनलाइन बुकिंग थांबवावे लागले. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. पैसे भरलेल्या अनेकांना महिनोन्महिने ताटकळावे लागले, आणि दारात गाडी येईपर्यंत सुरुवातीचा उत्साह पुष्कळ ओसरला. जुन्या नावाने गर्दी जमवली होती, पण तेवढ्या वेगाने गाड्या बनवण्याची तयारी झालेली नव्हती. पुढे कंपनीने ३३४ सीसीचे इंजिन आणले, जावा पेराक ही गाडी आली, जानेवारी २०२२ मध्ये येझदीच्या तीन गाड्या आल्या आणि २०२४ मध्ये जावा ३५० आणि ४२ एफजे आल्या. येझदी नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. बंद कंपनीचे नाव म्हणजेही मालमत्ता असते, आणि तिचे वारसदार, घेणेकरी व नवे मालक यांच्यात तंटा उभा राहू शकतो, हे त्यातून दिसले.

क्लासिक लेजेंड्सनेच २०१६ मध्ये ब्रिटनची बीएसए विकत घेतली. एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसायकल कारखान्यांत गणला जाणारा हा उद्योग १९७०च्या दशकात संपला होता. नवी बीएसए गोल्ड स्टार ६५० डिसेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला दाखवण्यात आली, आधी ब्रिटनमध्ये विकली गेली आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात आली.

उभे राहिलेले आणि बुडालेले

जगातले सर्वांत यशस्वी पुनरुज्जीवन ट्रायम्फचे मानले जाते. १९८३ मध्ये तिचा ब्रिटनमधील मेरिडेनचा कारखाना बंद पडल्यावर जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने नाव विकत घेतले. घाईने जुनीच गाडी बाजारात आणण्याचा मोह त्यांनी टाळला. जुने मॉडेल मर्यादित संख्येने बनवण्याचा परवाना त्यांनी दुसऱ्याला दिला, आणि स्वतः सात वर्षे हिंकलीला नवा कारखाना आणि संपूर्ण नवी इंजिने उभी करण्यात घालवली. १९९० मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात नवी ट्रायम्फ दिसली ती आधुनिक तीन आणि चार सिलिंडरची. जुन्या आठवणींची बॉनव्हिल आली ती थेट २००१च्या सुमारास, म्हणजे कंपनीच्या यंत्रांवर ग्राहकाचा विश्वास बसल्यानंतर. बॉनव्हिलमध्ये पुढे फ्युएल इंजेक्शन आले, तेव्हा त्याचा बाहेरचा भाग कार्ब्युरेटरसारखा दिसेल असा घडवला गेला. डोळ्यांना जुने आणि हाताला नवे, ही या धंद्याची नेमकी कसोटी त्या एका सुट्या भागात दिसते. २०२३ पासून ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी बजाज ऑटो पुण्याजवळ चाकणला बनवते.

रॉयल एन्फिल्डची गोष्ट थोडी वेगळी आहे. ब्रिटनमधली मूळ कंपनी १९७०च्या सुमारास संपली, पण १९५५ पासून मद्रासला बनणारी बुलेट चालूच राहिली. आयशर समूहाने ही भारतातली कंपनी १९९४ मध्ये ताब्यात घेतली. तेलगळती, बिघाड आणि घटती विक्री यांमुळे २००० साली ती बंद करण्याचा विचार होता. आयशरच्या मालक कुटुंबातील सिद्धार्थ लाल यांनी ती सावरण्याची संधी मागून घेतली. त्यांच्या कारकिर्दीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले आणि उजवीकडचा गिअर डावीकडे गेला. जुन्या भक्तांना हा बदल रुचला नाही, पण नव्या गिऱ्हाइकाला भरवशाची गाडी मिळाली. २००९ मध्ये आलेल्या क्लासिकने कंपनीचे नशीब बदलले, आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात वार्षिक विक्री १० लाखांच्या पुढे गेली. गाडीसोबत राईडही विकायची हे या कंपनीने नेमके ओळखले. गोव्यात भरणारा रायडर मेनिया, आताचा मोटोव्हर्स, हे त्याचेच रूप.

बुडालेल्यांची कहाणीही शिकवणारी आहे. अमेरिकेतील इंडियन १९०१ मध्ये सुरू झाली आणि १९५३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात ती पुन्हा निघाली, पण सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन दुसऱ्याचे होते. २००३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २००६ नंतरचा आणखी एक प्रयत्नही लहानच राहिला. २०११ मध्ये पोलारिस या मोठ्या उद्योगाने नाव घेतले, स्वतःचे १,८११ सीसीचे इंजिन घडवले आणि २०१३ मध्ये नवी चीफ आणली, तेव्हा कुठे इंडियन सावरली. तरीही २०२५ मध्ये पोलारिसने तिच्यातला बहुतांश हिस्सा विकण्याचे जाहीर केले.

नॉर्टनचे नुकसान सर्वांत वेदनादायक. १९०७च्या पहिल्या आइल ऑफ मॅन शर्यतीत विजय मिळवणारे हे नाव २००८ मध्ये नव्या मालकाने घेतले. देखण्या, महागड्या गाड्यांची आगाऊ रक्कम घेतली गेली. अनेकांना गाडी मिळालीच नाही. निवृत्तिवेतन योजनांचा पैसा नियम मोडून कंपनीत गुंतवल्याबद्दल तत्कालीन मालकाला २०२२ मध्ये न्यायालयाने स्थगित कारावासाची शिक्षा सुनावली. जानेवारी २०२०मध्ये कंपनी कोसळली आणि एप्रिलमध्ये टीव्हीएसने ती १ कोटी ६० लाख पौंडांना घेऊन सोलिहलला नवा कारखाना उभारला.

नावामागे काय लागते

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते. जुने नाव पहिला ग्राहक आणते. दुसरा ग्राहक पहिल्याच्या अनुभवावरून येतो. रविवारच्या राईडला पंधरा-वीस गाड्या एकत्र निघतात. त्यांतली एक घाटात बंद पडली तर त्याची चर्चा चहाच्या टपरीपासून पुढच्या रविवारपर्यंत चालते. कंपनीची जाहिरात तिथे कामाला येत नाही. स्वतःचे इंजिन, जवळच्या गॅरेजात मिळणारी क्लच प्लेट, वेळेवर मिळणारी गाडी आणि तोट्याची काही वर्षे सोसणारे भांडवल, हेच कामाला येते. ज्यांच्याकडे ही चारही होती ते टिकले.

नव्या करांचाही या बाजारावर परिणाम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांसाठी तो ४० टक्के झाला. जावा-येझदीच्या ३३४ सीसीच्या गाड्यांना त्याचा लाभ होतो, तर ६५० सीसीच्या बीएसएला त्याचा भार सोसावा लागतो.

जुन्या नावाची नवी गाडी घेणाऱ्याने म्हणून टाकीवरचे बोधचिन्ह पाहून भुलू नये. आपल्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती दूर आहे, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे आधी विचारावे आणि दोन पावसाळे काढलेल्या मालकाशी बोलावे. तिथून समाधानकारक उत्तर मिळाले तरच बुकिंगचे पैसे भरावेत.