दारू, ट्रॅक्टर आणि कोर्टाची तारीख



गळीत हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस वाहतूक आलीच. तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडावा, वजन व उतारा घटू नये, म्हणून ड्रायव्हर मंडळी रात्र रात्र जागतात. थंडी असते, झोप येते. मग कोणीतरी म्हणतो, "दोन घोट घेतले तर काय बिघडतं?" काय बिघडते, हे आम्ही तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामे चालविणाऱ्या एका वकीलसाहेबांकडून समजून घेतले. सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली की गुन्हा झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावेच लागते. ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे, हे ध्यानात असू द्यावे.

वकीलसाहेब पक्षकाराला प्रथम दोन गोष्टी बजावतात. पोलिसांशी हुज्जत घालू नये आणि पैसे देऊन मिटवायला जाऊ नये, त्यातून दुसरा गुन्हा उभा राहतो. तपासणीस नकार देण्यातही फायदा नाही, तो नकार कोर्टात आपल्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नये.

नंतर ते कागद मागतात. यंत्राची चिठ्ठी, तीवरील नाव, वेळ व आकडा, डॉक्टरांचा दाखला, अटकेची वेळ. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. कागदात खरोखर दोष असेल तर केस लढवायची. नसेल तर तसे स्पष्ट सांगायचे, अशी त्यांची रीत आहे.

मागील एका हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचा ड्रायव्हर असाच सापडला. भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी राहिली, ऊस वाळला. मालक म्हणाले, "कबूल करून टाक, दंड मी भरतो." वकीलसाहेबांनी त्यांना थांबवले. ड्रायव्हरला म्हणाले, "हे बघ बाबा, कोर्ट मालकाला नाही, तुला विचारणार. दंड आज भरून होईल, पण शिक्षेची नोंद तुझ्या नावावर राहील. परवान्यावरही गदा येईल. आधी कागद बघू, मग तू ठरव." कागद बघितले, सगळे चोख होते. मग खोटी आशा न दाखवता त्यांनी तसे सांगितले. पोराने आपल्या तोंडाने गुन्हा कबूल केला. दंड झाला, पुढे परवानाही निलंबित झाला. घेतलेली उचल अंगावर तशीच राहिली आणि हंगाम हातचा गेला. तरी वाटेत कोणाला धडक बसली नव्हती, हे नशीब. कोणी दगावले असते तर भारतीय न्याय संहितेखाली गंभीर खटला झाला असता. तो दंडावर भागला नसता.

तारखेला गैरहजर राहू नये. "भाड्याला गेलो होतो" हे कारण कोर्टात चालत नाही, वॉरंट निघते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना व कोठडीतील आरोपीला मोफत वकील मिळतो.

आता ट्रॅक्टरमालकांसाठी. ड्रायव्हर प्यायलेला आहे हे दिसत असताना "खेप तेवढी टाकून ये" म्हणून चावी दिली, तर कलम १८८ प्रमाणे गुन्ह्यास साह्य केल्याबद्दल मालकही आरोपी होऊ शकतो. शिवाय दारूच्या नशेत अपघात झाल्यास आपल्या वाहनाच्या नुकसानीची विमा भरपाई नाकारली जाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, रात्रपाळीला दुसरा ड्रायव्हर ठेवा, त्यांना झोप द्या, गरम चहा द्या. आणि कोणी प्यायलेला दिसला तर चावी काढून घ्या. एक खेप उशिरा आली तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी