हजरत बाबाजान

आषाढी वारीच्या वेळी श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि दिघी, विश्रांतवाडी या वाटेने पुण्यास येते. टाळमृदंगांच्या घोषात वारकरी ज्ञानोबा-तुकोबांबरोबर मुक्ताबाई व जनाबाई यांचीही नावे मोठ्या आदराने घेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी याच वाटेवरील दिघीच्या माळावर एक वृद्ध मुसलमान तपस्विनी काही काळ राहिली होती. पुढे ती पुण्याच्या लष्कर भागात एका कडुलिंबाच्या झाडाखाली येऊन बसली, आणि तेथेच तिने आपले उरलेले आयुष्य घालविले. लोक तिला हजरत बाबाजान म्हणत.

बाबाजान सूफी पंथातील होत्या. अरबी भाषेत ‘सूफ’ म्हणजे लोकर. आरंभीचे मुसलमान साधक लोकरीचे जाडेभरडे वस्त्र अंगावर घेत, त्यावरून त्यांस सूफी हे नाव पडले, असे पुष्कळ पंडित मानतात. धनाचा व मानाचा त्याग करावा आणि ईश्वरावर निखळ प्रेम करावे, ही सूफींची शिकवण होय.

या शिकवणीच्या उगमाशीच एक स्त्री उभी आहे. तिचे नाव राबिया. आठव्या शतकात इराकमधील बसरा या नगरात त्या राहत असत. राबियांचा जन्म गरिबाघरी झाला, आणि लहानपणीच त्या दासी म्हणून विकल्या गेल्या, अशी कथा आहे. दिवसभर धन्याच्या घरी राबावे आणि रात्र प्रार्थनेत घालवावी, असा त्यांचा क्रम होता. एके रात्री धन्याने त्यांची तल्लीनता पाहिली आणि त्यांना दास्यातून मुक्त केले. आपल्याकडे नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत विठ्ठलाला आळविणाऱ्या जनाबाईची येथे आठवण होते.

राबियांविषयी आणखी एक कथा प्रसिद्ध आहे. एकदा त्या एका हाती पेटता पलिता आणि दुसऱ्या हाती पाण्याचे भांडे घेऊन धावत निघाल्या. लोकांनी कारण विचारले. तेव्हा त्या म्हणाल्या, की स्वर्ग जाळून टाकावा आणि नरकाची आग विझवावी, म्हणून मी निघाले आहे. कथेचा अर्थ उघड आहे. स्वर्गाच्या लोभाने केलेली भक्ती हा व्यापार झाला, आणि नरकाच्या भयाने केलेली भक्ती ही वेठ झाली. लोभ व भय ही दोन्ही गेली, म्हणजे जे उरते तेच खरे प्रेम. पुढे फरीदुद्दीन अत्तार या फारसी कवीने संतांची चरित्रे लिहिली, तेव्हा त्यांत राबियांनाही स्थान दिले. ईश्वर मनुष्याचे बाह्य रूप पाहत नाही, तो अंतःकरण पाहतो, असे समर्थन त्याने त्यासाठी केले.

बाबाजानांचे जीवन हे याच परंपरेतील होते. त्यांचे मूळ नाव गुलरुख, म्हणजे गुलाबासारख्या मुखाची. वायव्येकडील एका श्रीमंत पठाण घराण्यात त्यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांनी कुराण मुखोद्गत केले. घरात कशाचीही उणीव नव्हती, परंतु त्यांचे मन प्रार्थनेत व एकान्तात रमे. वयात येताच वडिलांनी त्यांचे लग्न ठरविले. गुलरुखने नकार दिला. पण त्या काळी मुलीच्या नकाराला विचारतो कोण? तेव्हा लग्नाच्या सुमारास त्या एकट्याच घराबाहेर पडल्या. जिने कधी उंबरठा ओलांडला नव्हता, अशा मुलीने डोंगराळ मुलूख तुडवीत पेशावर गाठले, आणि तेथून ती रावळपिंडीस गेली. रावळपिंडीस एका हिंदू साधूने आणि पुढे मुलतानच्या बाजूस एका मुसलमान सत्पुरुषाने त्यांना साधनेचा मार्ग दाखविला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे.

त्यानंतरची अनेक वर्षे त्यांनी प्रवासात घालविली. त्यांनी मक्केची यात्रा केली. काही काळ त्या मुंबईस राहिल्या, आणि इ. स. १९०५ च्या सुमारास पुण्यास आल्या. त्या वेळी त्या फार वृद्ध झाल्या होत्या. केस पांढरे शुभ्र, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, अंगावर साधा अंगरखा. त्या कधी येथे, कधी तेथे राहत. दिघी येथील पंच पीर या स्थानी त्या बसल्या असता मुंग्यांनी त्यांचे सर्वांग व्यापून टाकले, तरी त्यांची ध्यानावस्था ढळली नाही, अशी आठवण भक्त सांगत. अखेर एका भक्ताने त्यांना घरी नेऊन मोठ्या प्रयासाने त्या मुंग्या काढल्या.

शेवटी त्यांनी आपले आसन लष्कर भागातील चार बावडी येथे मांडले. ही जागा त्या वेळी ओसाड व धुळीची होती. दिवसा डासमाश्यांचा आणि रात्री चोरट्यांचा तेथे सुळसुळाट असे. परंतु बाबाजान निंबाखालून हलल्या नाहीत. हळूहळू लोक दर्शनास येऊ लागले. हिंदू, मुसलमान, पारशी, सैनिक, व्यापारी, भिकारी, सारे त्या झाडाखाली एकत्र बसू लागले. चहाची दुकाने निघाली, दिवे आले, आणि त्या ओसाड जागी वस्ती नांदू लागली.

भक्त जे आणीत, ते बाबाजान वाटून टाकीत. एकदा कोणी त्यांच्या अंगावर उंची शाल घातली होती. रात्री एक चोर ती ओढू लागला. परंतु शालीचा एक भाग त्यांच्या अंगाखाली अडकला होता. तेव्हा बाबाजानांनी आरडाओरडा न करता निमूटपणे कूस बदलली, आणि चोराला शाल सुखाने नेता आली!

उन्हापावसात बसणाऱ्या या वृद्धेसाठी लष्कराच्या अधिकाऱ्यांनी खर्च करून झाडापासून थोड्या अंतरावर एक निवारा बांधला. बाबाजानांनी तेथे जाण्याचे साफ नाकारले. अखेर त्यांचे मूळ आसन व ते झाड यांना सामावून घेईल असा भाग जोडून तो निवारा वाढवावा लागला. लग्नाच्या वेळी वडिलांपुढे न नमलेली गुलरुख, अंगी बळ उरले नसतानाही, सत्तेपुढे नमली नाही.

इ. स. १९१३ मध्ये डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी नावाचा एक तरुण सायकलीवरून त्या रस्त्याने जात असता बाबाजानांनी त्याला खुणेने जवळ बोलाविले. पुढे तो रोज त्यांच्यापाशी येऊन बसू लागला. हाच तरुण पुढे मेहेरबाबा या नावाने प्रसिद्धीस आला. पॉल ब्रंटन हा इंग्रज लेखकही इ. स. १९३० मध्ये बाबाजानांच्या दर्शनास आला होता.

२१ सप्टेंबर १९३१ रोजी बाबाजान कालवश झाल्या. त्यांच्या अंत्ययात्रेस हिंदू व मुसलमान हजारोंच्या संख्येने जमले होते. ज्या जागी त्या बसत, त्याच जागी त्यांची कबर आहे.

बाबाजानांनी ग्रंथ लिहिला नाही, मठ स्थापिला नाही, की धन साठविले नाही. आपले आयुष्य कोणाला वाहावे, हे त्यांनी स्वतः ठरविले, आणि त्यासाठी घर, सुख व सुरक्षितता यांचे मोल आनंदाने दिले. बसऱ्याच्या दासीला आणि पठाण घराण्यातील कन्येला जोडणारा धागा हाच आहे. ईश्वराजवळ काहीही न मागता त्याच्यावर प्रेम करणारे माणसाकडूनही काही मागत नाहीत. म्हणूनच त्यांच्या सावलीत सर्वांना जागा मिळते.