खानावळीची वही
(शहर आणि ताट : भाग ७)

गेल्या भागात ‘जेंट्रिफिकेशन’ या शब्दाची जन्मकथा सांगितली होती. रुथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना तो घडवला. पैसेवाले जुन्या वस्तीत शिरतात, घरं चकाचक होतात, भाडी वाढतात आणि जुना रहिवासी बिऱ्हाड गुंडाळतो. त्यावर एका वाचकांनी विचारलं, ‘रत्नागिरीत बसून आम्ही हे कशाला वाचायचं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्या आत्याच्या वहीत आहे.

आत्याने लालबागला चाळीतल्या एका खोलीत वीसेक वर्षं खानावळ चालवली. गिरणगाव वसलं त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा. बायकामुलं गावी आणि कर्ता पुरुष मुंबईत, एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीवाला पाठ टेकायचा. चूल मांडणार कुठे आणि कोण? म्हणून खानावळ. तिला पाटी नसायची, दर लिहिलेला फळा नसायचा. गावचा माणूस गावच्या माणसाला घेऊन यायचा, एवढीच जाहिरात.

वही लाल पुठ्ठ्याची, लांबट. हळदीचे डाग अजून आहेत. डावीकडे आडनावं नाहीतच, गावं आहेत : ‘गोळपचा धाकटा’, ‘पावसचे दोघे’, ‘जाकादेवीचा चष्मेवाला’. पुढे महिन्याचे चौकोन. जेवला की उभी रेघ, नाही आला तर खाडा. रात्रपाळीवाल्याचं ताट झाकून ठेवायचं, त्याला गोल. पगाराच्या दिवशी खाडे वजा करून हिशेब. शिमग्याला आणि गणपतीला पानंच्या पानं खाड्यांची, कारण सगळे गावी. परतताना कुणी कुळीथ आणायचं, कुणी आमसुलं, कुणी सुकट, आणि तेवढे पैसे महिन्यातून कापले जायचे. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, बाजारात बांगडा स्वस्त असला तर तिखलं, नाहीतर जवळ्याची चटणी. घाटावरच्यांच्या खानावळी वेगळ्या, त्यांना भाकरी लागायची.

या व्यवहारात बाईचा जीव मेटाकुटीला येई. वाणी उधार देई, पण चढ्या भावाने. सावकाराकडे मंगळसूत्र जाई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात खानावळवाली बाई सही करायला उभी राहिली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मग १८ जानेवारी १९८२. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वहीत त्या महिन्यापासून रेघा आहेत, हिशेब नाही. आत्या म्हणायची, ‘जेवायला आलेल्याला उठ कसं म्हणायचं गो?’ उन्हाळ्यापर्यंत रेघा विरळ होत गेल्या. माणसं एसटीने गावी परतली, ती परतलीच. पैसे कुणी पाठवले, कुणी नाही.

पुढचं बरंचसं जमिनीचं राजकारण आहे, थोडक्यात सांगतो. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला असं वाटप ठरवलं. २००१ साली नियम बदलला आणि वाटप फक्त मोकळ्या जागेपुरतं उरलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. फिनिक्स मिलची चिमणी आजही उभी आहे आणि तिच्या पायाशी मॉल आहे.

आता मजा बघा. त्याच गिरणगावातल्या परळात सोलकढी चिमुकल्या काचेच्या ग्लासात येते आणि बांगडा केळीच्या पानावर ऐटीत पडतो. मी खाल्लाय. वाईट नव्हता. लंडनमध्ये काय किंवा परळात काय, आलेल्या माणसाला गेलेल्या माणसाची चव आवडते, त्याचा शेजार मात्र नको असतो. त्यामुळे ‘आपली चव हरवली’ हा गळा काढणं मला पटत नाही. पदार्थ धडधाकट आहेत. खाडा गेला, उधारी गेली, गोल करून झाकून ठेवलेलं ताट गेलं. नव्या हॉटेलात यातलं काहीच मागता येत नाही, मागायची लाजही वाटेल.

आणखी एक गंमत आपल्या जिव्हारी लागणारी. शहरात गेलेलं हे सगळं जेवण ‘मालवणी’ या एकाच नावाने विकलं गेलं. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवणही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, तेव्हा भांडण घरातलंच म्हणा. पण आत्याच्या खानावळीतल्या कुणाच्याही तोंडी तो शब्द नव्हता. ते फक्त ‘जेवण’ होतं. आता पर्यटक रत्नागिरीत उतरतो तो मालवणी थाळी विचारत, आणि आपणही पाटीवर ‘अस्सल मालवणी’ रंगवून घेतो.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी वही असेल, खानावळीचं कार्ड असेल, तर रद्दीत घालू नका. मला कळवा. माणसांची नावं गाळू, गावांची ठेवू.