अंदमान, मुलांच्या कलाने

लहान मुलांना घेऊन अंदमानला जायचं तर नियोजनाची सुरुवात सूर्यापासून करावी लागते. बेटांवरची घड्याळं भारतीय प्रमाणवेळच दाखवतात, पण पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) मुंबईच्या सुमारे २० अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे तिथला सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा जवळपास ८० मिनिटं पुढे असतो. जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास तो उगवतो, साडेअकराला माथ्यावर येतो आणि सव्वापाचला बुडतो.

याचा परिणाम थेट मुलांवर होतो. सुट्टी म्हणून आठला उठून, निवांत नाश्ता करून दहाला किनाऱ्यावर पोचलेलं मूल मुंबईच्या हिशेबाने साडेअकराच्या उन्हात खेळत असतं. दुपारी झोपवून चारला बाहेर काढलं, तर तासाभरात अंधारून येतं. म्हणून त्यांचा सगळा दिवसच तासभर अलीकडे ओढावा. पडदे उघडे ठेवले की मुलं उजेडाने आपसूक उठतात. सहा ते साडेआठ समुद्र, मग पोटभर खाणं, अकरा-साडेअकराला झोप, तीन ते पाच पुन्हा पाणी आणि रात्री आठला अंथरूण, असा क्रम दोनच दिवसांत बसतो. उन्हाचा कडक पट्टा, साधारण नऊ ते दोन, सावलीत काढला तर निम्मी आजारपणं टळतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत. त्याला सावली, टोपरं आणि अंगभर पातळ सुती कपडे पुरतात. मोठ्या मुलांना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचं मलम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावं लागतं. पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा पोशाख मलमापेक्षा जास्त भरवशाचा.

आता ऋतू. महाराष्ट्रातल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या अंदमानच्या हवामानाशी जुळत नाहीत. नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अंदमान समुद्रात पोचतो. दिवाळीच्या सुट्टीत ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस असतात. नाताळात हवा चांगली, पण गर्दी आणि दर दोन्ही चढे. पहिलीत न गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना इथे एक सवलत आहे: शाळेच्या सुट्टीची वाट न पाहता जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जाता येतं. तेव्हा पाऊस नगण्य आणि समुद्र बराच शांत असतो. मूल शाळेत जात असेल, तर परीक्षा संपताच एप्रिलमध्ये निघावं, मे उजाडू देऊ नये.

किती ठिकाणं करायची, हा खरा वादाचा मुद्दा. पाच रात्रींत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग असा आराखडा सर्रास विकला जातो. तीन वर्षांच्या मुलाला तो झेपत नाही. रोज सामान बांधणं, जेट्टीवर रांग आणि नवी खोली यातच सहल संपते. लहानग्यांसह सहा-सात रात्री, त्यात पोर्ट ब्लेअर आणि एकच दुसरं बेट, एवढं पुष्कळ झालं. बाराटांग तर निःशंक वगळावं. त्यासाठी पहाटेच्या अंधारात निघून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावावी लागते आणि पुढे जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ताफ्यातच जावं लागतं. तिथे गाडी थांबवायला आणि फोटो काढायला मनाई आहे. जारवांचं जगणं तमाशा होऊ नये यासाठी हे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. पण मधेच शू लागलेल्या मुलाची तिथे काहीही सोय नाही. पुढे बोट आणि चुनखडीच्या गुहेपर्यंतची पायपीट आहेच.

हॅवलॉक आणि नील यांची नावं २०१८ साली स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, तरी तिकिटांपासून रिक्षावाल्यांपर्यंत जुनीच नावं चालतात. हॅवलॉकचा राधानगर किनारा रुंद, मऊ वाळूचा आणि २०२० पासून ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन असलेला आहे. पण तिथे लाटा असतात. चालायला शिकलेल्या, पोहता न येणाऱ्या मुलासाठी नीलचा भरतपूर किनारा उजवा: पाणी उथळ आणि संथ, शिवाय तळाशी काच बसवलेल्या बोटीतून प्रवाळ दिसतात, त्यासाठी मुलाला मास्क लावून पाण्यात उतरवावं लागत नाही.

नीलची खरी मौज ओहोटीला कळते. पाणी मागे सरलं की लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलाजवळचे खडक उघडे पडतात आणि त्यांतल्या डबक्यांत एक अख्खं जग अडकून राहतं. गडद, लोळागोळा झालेली समुद्रकाकडी, निळसर चमकणारे बोटभर मासे आणि पाठीवर शंख घेऊन फिरणारा खेकडा. सावली पडली की तो आत जातो. दम धरून बसलं की आधी दोन मिशा, मग पाय बाहेर येतात. चार वर्षांचं मूल इथे तासभर रमतं. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कालची वेळ आज धरून चालत नाही. मुक्कामाच्या जागी विचारून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत जास्त मागे हटतं. खडक धारदार असतात, म्हणून मुलांच्या पायात घट्ट बसणारे रबरी बूट हवेतच.

पाण्यात मूल हाताच्या अंतरावर असावं, नजरेच्या नव्हे. लहान मूल बुडताना ओरडत नाही आणि गुडघाभर पाणीही त्याला पुरतं. दंडात घालायचे हवेचे फुगे खेळण्यापुरते, सुरक्षेसाठी नाहीत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खारफुटीलगत, ओढा समुद्राला मिळतो तिथे किंवा मनाईचा फलक असेल तिथे मुलांना पाण्यात नेऊ नये. जीवरक्षक असलेल्या जागीच उतरावं.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खाजगी बोट साधारण दीड ते दोन तासांत पोचते. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वयाच्या मुलांना जास्त होतो, तान्ह्यांना क्वचितच. रिकाम्या पोटी बसवू नये, तुडुंब खाऊही घालू नये. थोडी कोरडी चपाती किंवा बिस्किटं देऊन मधल्या आसनावर बसवावं आणि दूरच्या क्षितिजाकडे बघायला लावावं. उलटीचं औषध निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून ठरवून घ्यावं, दुकानातून परस्पर आणू नये. मुलांचा जन्मदाखला किंवा बाल आधार जवळ ठेवावा.

जेवणाची चिंता वाटते तेवढी नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना नील-हॅवलॉकवर वसवलं गेलं, त्यामुळे भात, मसूर डाळ आणि उकडलेला बटाटा तिथे रोजचाच. पोर्ट ब्लेअरला तमिळ वस्ती मोठी, म्हणून इडली आणि दहीभातही मिळतो. तिखट कमी करा, हे हिंदीत सांगितलं की काम होतं, कारण बेटांची सामायिक भाषा हिंदी आहे. सोबत मेतकूट आणि तूप असलं की मऊ भातावर बाळाचं भागतं.

औषधांची पेटी मात्र पूर्ण हवी. हॅवलॉक-नीलवर प्राथमिक उपचारच मिळतात. मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, पोर्ट ब्लेअरला आहे. पॅरासिटामॉल, झिंक आणि ओआरएस हवंच. एका लिटरची ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. अर्ध्या पाण्यात अख्खी पुडी घातली तर क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो. संध्याकाळी डासांपासून आणि ओलसर वाळूतल्या सँडफ्लायपासून जपावं, या माश्यांच्या चाव्यांची खाज काही दिवस टिकते. लांब पायजमा आणि वाळूवर जाडशी चटई हा सोपा उपाय.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवावी, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान कुणासाठी थांबत नाही. तो दिवस सेल्युलर जेलचा. १९०६ साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीनच उरल्या आहेत. १९११ साली इथे आणलेल्या सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर असल्याने बाबागाडीचा उपयोग नाही, बाळाला कडेवर किंवा झोळीत घ्यावं लागतं. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाच वर्षांखालच्या मुलांना अंधार आणि आवाजामुळे जड जातो. त्यांच्यासाठी सकाळची फेरी बरी. बॅग भरताना मुलांचे खिसे तपासावेत. प्रवाळाचा मेलेला तुकडाही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नेता येत नाही, अनेक शंखांनाही तोच कायदा लागू आहे, आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की वेचलेले शिंपले रोज संध्याकाळी परत वाळूत ठेवण्याचा खेळ होतो.