कुस्कुस म्हणावे की कूसकू?

गेल्या दिवाळीत आमचा भाचा पॅरिसहून आला. त्याने फराळाच्या ताटाशेजारी एक पुडा आणून ठेवला. आत पिवळसर, रव्याहून थोडे जाड असे दाणे. पुड्यावरचे नाव वाचायला घेतले मात्र, घरात तट पडले. चिरंजीवांनी इंग्रजी अक्षरे जुळवून 'काऊसकाऊस' असे वाचले. कन्येने फ्रेंचचे दोन वर्ग पुरे केले आहेत. फ्रेंच माणसे शेवटचा 'स' गिळतात, तेव्हा 'कूसकू' हेच बरोबर, असा निकाल तिने दिला. शेजारच्या काकूंना दारातून 'खसखस' ऐकू आले, आणि मग घरात खरोखरच खसखस पिकली!

आमच्या आईने नावाची चौकशीच केली नाही. चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन ती म्हणाली, "अरे, हे तर गव्हले!"

आधी उच्चाराचा निकाल लावून टाकू. पदार्थ उत्तर आफ्रिकेतला. अरबीत त्याला 'कुस्कुस' म्हणतात. दोन्ही 'कु' ऱ्हस्व, आणि शेवटचा 'स्' स्पष्ट. फ्रान्सने १८३० पासून १९६२ पर्यंत अल्जीरियावर राज्य केले. त्या संबंधातून हा शब्द फ्रेंचांच्या घरोघरी पोचला, आणि 'ऊ' हा स्वर ते दोन अक्षरांनी लिहितात म्हणून आमचे चिरंजीव फसले. फ्रेंचमध्ये शेवटचा 'स' बहुधा मुका असतो हे खरे, पण या शब्दात तो बोलतात. तेव्हा कन्येचेही चुकलेच. 'कुस्कुस' म्हणा, बहुतेक ठिकाणी काम भागेल.

"बहुतेक ठिकाणी, मामा," भाचा हसून म्हणाला. "पण आमच्या जिन्यावर नाही."

त्याच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. माहेर अल्जीरियातल्या काबिली डोंगरांत. त्यांच्या बोलीत या पदार्थाचे नाव 'सक्सू'. त्याच देशाच्या पश्चिमेकडे लोक त्याला नुसते 'तआम' म्हणतात, म्हणजे अन्न. कोकणात भात पोटात गेल्याशिवाय 'जेवलो' म्हणत नाहीत, त्यातलाच हा प्रकार! ट्युनिशियात 'कुस्क्सी' ऐकू येते, मोरोक्कोत 'कस्क्सू'. समुद्रापलीकडे सिसिलीतल्या त्रापानी गावी तो माशांच्या रश्श्याबरोबर खातात आणि 'कूस्कुसू' म्हणतात. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता मूळचा मोरोक्कोतल्या तांजिये शहराचा. १३५२ साली तो सहारा ओलांडून माली देशात गेला, तेव्हा तिथेही मोहरीएवढ्या एका धान्याचा कुस्कुस करतात, असे त्याने सांगून ठेवले आहे.

यातला मूळ शब्द अरबीचा नसून त्या प्रदेशातल्या जुन्या अमाझिग भाषेचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काबिली बोली तिचीच एक शाखा. ही भाषा शतकानुशतके घरात, शेतात, चुलीपाशी जगली. राज्यभाषेचा मान तिला मोरोक्कोत २०११ साली मिळाला आणि अल्जीरियात २०१६ साली. तोवर तिला सांभाळले ते आयांनी आणि आज्यांनी. त्यांच्या तोंडचा 'सक्सू' हा नुसता उच्चारभेद नव्हे. ती एक जपलेली ठेव आहे.

भाच्याला हे ठाऊक नव्हते. पहिल्या भेटीत त्याने ऐटीत 'कुस्कुस' म्हटले. बाई काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांच्या नातवाकडून खरा शब्द कळला. दुसऱ्या खेपेस त्याने दारात उभे राहून अडखळत 'सक्सू' म्हटले. बाईंनी त्याला दोन्ही हातांनी आत ओढले आणि समोर परातभर वाढून ठेवले!

त्या घरी त्याने कृतीही पाहिली. परातीत गव्हाचा जाड रवा पसरायचा, मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, आणि तळहाताने गोल गोल फिरवत दाणे वळायचे. मग चाळायचे. खालच्या भांड्यात भाज्या आणि मांस शिजत असते. त्यावर आपल्या मोदकपात्रासारखे भोकांचे भांडे ठेवतात, त्याला 'कस्कास' म्हणतात. वाफ निसटू नये म्हणून सांध्याला कणकेत भिजवलेली चिंधी गुंडाळतात. दाणे दोनतीनदा वाफवायचे आणि दर वेळी हाताने मोकळे करायचे. शुक्रवारच्या नमाजानंतर सारे घर एका परातीभोवती बसते.

अल्जीरिया आणि मोरोक्को यांचे फारसे पटत नाही. त्यांच्यातली सरहद्द १९९४ साली बंद झाली. तरी २०२० साली या दोघांनी ट्युनिशिया आणि मॉरितानिया यांच्या जोडीने कुस्कुस करण्याची विद्या युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नोंदवली. सरहद्दीवर जे जमले नाही, ते परातीवर जमले.

हे सगळे ऐकून आई उठली. माळ्यावरच्या डब्यातून तिने गव्हले काढले. तिच्या लहानपणी लग्नघरी बायका दुपारभर बसून बोटांच्या चिमटीत ते वळत. आता ते वळणारे हात आमच्या घरात तिचेच उरले आहेत. एक पुडी बांधून ती भाच्याला म्हणाली, "त्या बाईंना दे. खीर कशी करायची ते सांग. आणि नाव नीट सांग हो!"

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. बाईंनी खीर केली. दाणे पाहताच त्या म्हणाल्या, की हे हाताने वळलेले आहेत. नाव मात्र त्यांना जमेना. पाचसहा वेळा प्रयत्न करून त्या 'गवले' म्हणाल्या, आणि चुकले का म्हणून विचारायला त्यांनी सांगितले आहे.

आईने फोन आपल्या हाती घेतला. "त्यांना सांग," ती म्हणाली, "माझ्या माहेरी गवलेच म्हणायचे."