बल्ब बदलण्याआधी काच घासा

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. कोपरगावकडचे एक लग्न आटोपून आम्ही रात्री सिन्नरमार्गे नाशिकला परत निघालो होतो. गाडी भाच्याची. कर्ज काढून घेतलेली, दोन मालकांच्या हातून आलेली, दहा-बारा वर्षांची. दवाखान्याची, स्टेशनची, लग्नकार्याची भाडी मारून तो हप्ता फेडतो. मागे आमची थोरली बहीण झोपली होती. आम्ही पुढे बसलो होतो. रस्ता मोकळा, वेगही बेताचा. एकाएकी भाच्याने करकचून ब्रेक दाबला, गाडी तिरकी झाली आणि थांबली. पुढे जेमतेम चार हातांवर उसाने भरलेली टायरगाडी. मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. वर उसाच्या मोळ्यांवर घोंगडे पांघरून एक बाई बसलेली आणि तिच्या मांडीवर लेकरू.

गाडीवान खाली उतरला, बघितले आणि काही न बोलता पुन्हा बैलांकडे गेला. त्याला बहुधा याची सवय असावी. आम्हांला मात्र घरी पोचेपर्यंत बोलवेना.

वाचक बंधू-भगिनींनो, त्या टायरगाडीला मागे दिवा नव्हता हे खरे. पण आमच्या गाडीला तरी होता का? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीसमोर उभे राहिलो तेव्हा दोन्ही हेडलाइटच्या काचा पिवळट, धुरकट दिसल्या. म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू उतरावा तशा. बल्ब दोन्ही लागत होते, बॅटरी ठीक होती. प्रकाश आत तयार होत होता, बाहेर पडत नव्हता.

भाच्याचे म्हणणे सरळ होते. "मामा, उद्याच शंभर-नव्वदचे बल्ब टाकतो. नाहीतर पांढरा एलईडी. दिवसासारखा उजेड पडतो." रस्त्यावरचे निम्मे लोक हेच करतात, म्हणून हा लेख. आम्ही पडलो कारकून माणूस, बी.कॉम. झालेले, पान्याशी आमची ओळख बेताची. पण या एका कामात आम्ही दोनदा फसलो आणि तिसऱ्यांदा जमले. फसलेलेही सांगतो.

आधी ही काच पिवळी का पडते ते पाहू. आपण तिला काच म्हणतो खरे, पण ती काच नव्हेच. अँबेसिडरचे, प्रीमियर पद्मिनीचे गोल दिवे आठवा. ती खरी काच होती. दगड लागला तर फुटे, पण पिवळी कधी पडत नसे. अँबेसिडर बनणे २०१४ साली थांबले आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. त्याच्या बऱ्याच आधीपासून नव्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे दिवे आले होते. हेल्मेटच्या पुढची पारदर्शक ढाल असते, त्याच जातीचे हे प्लास्टिक. वजनाला हलके, सहजी न फुटणारे, हव्या त्या आकारात ओतता येणारे. दोष दोनच. त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि सूर्याच्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कडक थर चढवलेला असतो. खरे संरक्षण त्या थराचे. उन्हातान्हात उभे राहून, धूळ खाऊन काही वर्षांनी तो थर जागोजाग सुटतो आणि खालचे प्लास्टिक उघडे पडते. ज्यांच्या गाडीला गॅरेज नाही, जी वर्षभर गल्लीत उन्हात उभी असते, तिचे दिवे आधी जातात. हे काही वेगळे सांगायला नको.

याने उजेड किती कमी व्हावा? अमेरिकेत 'ट्रिपल ए' ही वाहनधारकांची मोठी संघटना आहे. तिने २०१८ साली तपासणी केली. धुरकटलेल्या दिव्यांतून नव्या दिव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडत होता. तेच दिवे घासून, पॉलिश करून घेतल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. घरी केलेल्या कामाने आणि दुकानात करून घेतलेल्या कामाने जवळपास सारखाच. हा आकडा आमच्या हाती लागला तेव्हा शंभर-नव्वदचा विषय आमच्यापुरता संपला.

पण भाच्यापुढे तो संपवायला वेळ लागला. गॅरेजवाल्याने त्याच्या डोक्यात भरवले होते. तेव्हा आम्ही आमच्या गल्लीतल्या गाड्या रंगवणाऱ्या मिस्त्रींना गाठले. त्यांनी जुना बल्ब हातात देऊन दाखवले. या एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. एक अप्परची, ६० वॉटची. दुसरी डिप्परची, ५५ वॉटची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक बारीकशी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून आरशावरून उलटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत जाणारी किरणे कापली जातात. सगळा हिशेब त्या तारेच्या नेमक्या जागेवर बसवलेला असतो. स्वस्तातला एलईडी त्याच भांड्यात बसवला की प्रकाशाची जागा हलते आणि उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे उधळतो. आपल्याला वाटते लख्ख झाले. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला, पायी चालणाऱ्याला, त्या टायरगाडीवरच्या गाडीवानाला काही क्षण काहीच दिसत नाही. आणि काच धुरकट असेल तर हा उधळलेला प्रकाश धुक्यातल्यासारखा आणखीच पसरतो.

शंभर-नव्वदचे दुखणे निराळे. १२ व्होल्टवर ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, ९० वॉटचा साडेसात. गाडीची तार, स्विच आणि होल्डर पहिल्या हिशेबाने घातलेले असतात. ते तापतात, होल्डर वितळतो, आतला आरसा उष्णतेने काळवंडतो. मग काच कितीही घासा, उपयोग शून्य.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बल्ब विकणारा मात्र दुकानात निवांत असतो. दंड भरतो तो ड्रायव्हर.

आता आमची फजिती. पहिल्यांदा आम्ही कुणाचे तरी ऐकून टूथपेस्ट लावली. घासता घासता काच चकाकली, सगळे खूश. आठवड्याभरात होती तशी. टूथपेस्टमध्ये किंचित खर असते, ती वरवरचा मळ काढते, एवढेच. काही जण डास पळवायचा फवारा मारतात. तो तर मुळीच मारू नका. त्यातले रसायन प्लास्टिकचा वरचा थर मऊ करते, क्षणभर चमक येते आणि पुढे काच आणखी खराब होते. पेट्रोल आणि थिनरचेही तेच, त्याने बारीक तडे जातात.

दुसऱ्यांदा आम्ही पेपरने घासून, पॉलिश करून काच अगदी नव्यासारखी केली. बहिणीने तर दृष्ट काढायची बाकी ठेवली. पण वरून थर दिला नाही, त्याचे पैसे वाचवले. एप्रिल-मे महिन्यांचे ऊन खाऊन दिवाळीपर्यंत काच पुन्हा पिवळी! आणि ते साहजिकच होते. कंपनीचा उरलासुरला थर आम्हीच घासून काढला होता आणि प्लास्टिक उन्हात उघडे सोडले होते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुम्ही जखम धुतली, पट्टी बांधलीच नाही."

तिसऱ्या वेळी केले ते असे. आधी काचेवर नुसते पाणी ओतून पाहिले. ओली असताना काच स्वच्छ दिसली तर दोष बाहेरून आहे, घासून जाईल. ओली असूनही धुरकट दिसली तर खराबी आतून आहे, बाहेरून घासण्यात अर्थ नाही. तडा गेलेला असेल किंवा आतला आरसा काळा पडला असेल तर दिवाच बदलावा लागतो. आतला आरसा फडक्याने पुसायला कधी जाऊ नये. त्यावर ॲल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो की तो फडक्याबरोबरच निघून येतो.

गाडी सावलीत लावली. साबणाच्या पाण्याने काच धुतली. भोवतीच्या बॉनेटला आणि बंपरला मास्किंग टेपचे दोन थर चिकटवले, नाहीतर पेपर रंगावरून फिरतो. पेंटच्या दुकानातून वॉटर पेपर आणले: ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे. नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक. पेपर पंधरा मिनिटे पाण्यात भिजवून, स्पंजच्या तुकड्यावर गुंडाळून घासायला सुरुवात केली. पाण्यात साबणाचे चार थेंब. कोरडे मुळीच घासायचे नाही.

८०० नंबर फिरू लागला की पिवळे पाणी ओघळू लागते. हाच तो खराब थर. पाणी पांढरे येईपर्यंत आणि काच सगळीकडे सारखी मंद दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. या टप्प्यावर काच आधीपेक्षाही वाईट दिसते. भाचा म्हणाला, "मामा, होती ती बरी होती." पोटात गोळा आमच्याही आला होता. पण घाबरू नये. पहिला पेपर आडवा फिरवला असेल तर पुढचा उभा फिरवावा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते कळते. दर पेपरनंतर काच धुवायची आणि बादलीतले पाणी बदलायचे. जाड पेपरचा एखादा कण जरी राहिला तरी तो बारीक पेपरखाली येऊन रेघ मारतो. एका दिव्याला आम्हांला तास लागला. खांदा दुखतो, ते सोसावे. ३००० नंबर झाला की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने रबिंग कंपाउंड घासले.

त्यानंतर पट्टी. कंपाउंडचे तेलकट अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढले, नाहीतर थर धरत नाही. क्लिअर कोटचा डबा घेताना तो अतिनील किरण रोखणारा आहे आणि हेडलाइटच्या प्लास्टिकला चालतो, असे त्यावर लिहिलेले पाहूनच घेतला. साधा लॅकर प्लास्टिकला तडे पाडू शकतो. वीतभर अंतरावरून पातळ हात मारला, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा मारला, असे तीन वेळा. एकाच वेळी जाड मारला की ओघळ येतात. हे काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत थर पांढरट होतो. फवारा मोकळ्यावर मारा आणि नाकातोंडावर चांगला मास्क लावा. हार्डनर मिसळलेल्या डब्यांतील वाफ फुफ्फुसांना फार वाईट असते, त्याला कापडी रुमाल पुरत नाही. ते डबे घरी वापरूच नयेत, असे आमचे मत. लेकरांना लांब ठेवा. एक दिवस गाडी हलवली नाही.

कारकुनी सवयीने आम्ही जमाखर्च लिहून ठेवला. वॉटर पेपर ८० रुपये, टेप ४०, कंपाउंड १५०, अल्कोहोल ७०, क्लिअर कोट ४५०. एकूण ७९०. कंपनीच्या नव्या दिव्यांची जोडी आम्हांला ५ हजारांच्या वर सांगितली होती.

एक काम राहिले होते, तेही त्याच रात्री केले. पालिका शाळेच्या भिंतीसमोर सपाट जागी २५ फुटांवर गाडी उभी करून डिप्पर लावला. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली येईल असा दिव्यामागचा स्क्रू फिरवला. डावा दिवा चांगलाच वर चढलेला निघाला. म्हणजे भाचा इतके दिवस समोरच्यांच्या डोळ्यांत उजेड मारत होता, तोही पिवळा! पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. ती याचसाठी. ड्रायव्हर एकटा असेल तर शून्यावर ठेवावी. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते, तेव्हा चकती पुढच्या आकड्यावर फिरवावी, उजेड खाली येतो. भाच्याने ती चकती तोवर कधी फिरवलीच नव्हती, आणि आम्हांलाही ती कशाची ते ठाऊक नव्हते.

बल्बही बदलले, पण ६०/५५ चेच. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कागदात धरून बसवावा.

हे काम डिसेंबर २०२४ मध्ये झाले. त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला, काच अजून स्वच्छ आहे. कंपनीच्या थराइतका हा टिकणार नाही, एक-दोन वर्षांनी पुन्हा करावे लागेल, असे मिस्त्री सांगतात. त्यांचे त्यांना ठाऊक, आम्ही वहीत तारीख लिहून ठेवली आहे.

अर्धे कंपाउंड आणि पेपरचे काही तुकडे उरले होते. शेजारच्या दोन रिक्षावाल्यांच्या आणि एका टेंपोच्या काचा त्यावर निघाल्या. टेंपोची काच आतून खराब होती, त्याला भंगार बाजारातून दिवा आणावा लागला. आता वस्तीत कुणाचा दिवा घासायचा असला तर आम्ही रविवारी सकाळी दहाच्या आत मोकळे असतो. पेपर आणि बादली ज्याची त्याने आणावी.