माथेरानचे ओझे

माथेरान हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे गाव. मुंबईपासून ते नव्वदेक किलोमीटरवर आहे आणि नेरळ हे त्याच्या पायथ्याचे रेल्वे स्थानक. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेला हा डोंगर माथ्यावर बराचसा सपाट आणि कडेला उभा तुटलेला आहे. त्या कड्यांवरच पॅनोरमा, लुईझा, इको, गार्बेट हे पॉइंट आहेत. माथ्यावर जांभा आणि त्याची तांबडी माती. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही पठारावर एकही नदी नाही. शार्लोट लेक हा बांध घालून केलेला तलाव गावाला पाणी पुरवतो; उरलेली गरज भागवण्यासाठी पाणी खालून उपसून वर चढवावे लागते. पाण्यासाठी निदान पंप तरी आहे. बाकी सगळे माणसाने, घोड्याने किंवा छोट्या रेल्वेगाडीने गावात न्यायचे, आणि गावाचा इतिहासही याच वाहतुकीभोवती फिरतो.

डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांतून ठाकर, कातकरी आणि धनगर आधीपासून राहत होते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये वर चढून आला आणि त्यालाच ‘शोध’ म्हणायची रीत पडली. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलांनी विसाव्यासाठी निवडलेले बराकपूर हुगळीच्या काठी, सपाटीवर होते. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या त्या गावी होडीने किंवा घोडागाडीने सुखाने जाता येई. मुंबईच्या साहेबाला मात्र गारवा हवा तर डोंगर चढणे भाग होते, आणि तो चढायचा दुसऱ्याच्या पायांनी. मुंबईची रेल्वे १८५० च्या दशकातच नेरळपर्यंत पोचली. पुढची चढण तट्टूवरून, पालखीतून किंवा भोयांच्या खांद्यावरच्या खुर्चीतून होई. साहेबांपाठोपाठ पारशी, बोहरी आणि इतर धनिकांचे बंगले उभे राहिले. त्यांचा चिरा, चुना, कौल सारे याच वाटेने वर गेले.

खांद्यावरचा हा भार काहीसा हलका केला तो नेरळ–माथेरान रेल्वेने. मुंबईचे व्यापारी आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात सोळा लाख रुपये खर्चून हा मार्ग बांधला. २२ मार्च १९०७ रोजी तो सुरू झाला. रुळांतले अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे वीस किलोमीटर, आणि सर्वांत कठीण जागी वीस फुटांमागे एक फूट चढ. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत गाडी डोंगराला वळसे घालत वर येते. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने खालचा मार्ग बंद असतो. २००५ च्या अतिवृष्टीनंतर तो दुरुस्त व्हायला २००७ उजाडले, आणि २०१९ च्या पावसानंतर पूर्ण मार्गावर गाडी धावली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. अमन लॉज ते माथेरान ही शटल मात्र स्थानिकांच्या रोजच्या उपयोगाची.

गाव लहान आहे. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,१३९ होती, २०११ मध्ये ती ४,३९३ वर आली. एवढ्याशा वस्तीला स्वतःची गिरिस्थान नगरपरिषद आहे. २००१ मध्ये शंभरात अठ्ठावन्न पुरुष होते. हॉटेलांतले कामगार, घोडेवाले, हमाल, रिक्षावाले यांतले बरेचसे कुटुंब खाली ठेवून कामापुरते वर राहतात, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे नवल वाटत नाही. शनिवार-रविवारी रस्त्यांवर पर्यटकांचीच गर्दी असते. पण हे गाव निव्वळ पाहुण्यांचे नव्हे. भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, यांचा जन्म १९१२ मध्ये इथल्याच एका नाभिक कुटुंबात झाला. वकील होऊन ते नगरपरिषदेच्या राजकारणात आले, शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले.

मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढे इंजिनाच्या वाहनाला मज्जाव. दुधाच्या पिशव्या, भाजी, गॅसचे सिलिंडर, सिमेंट, हॉटेलच्या गाद्या, पर्यटकांच्या चाकांच्या बॅगा, सारे नाक्यावर उतरते आणि हमालाच्या डोक्यावर, हातगाडीवर किंवा मालवाहू घोड्याच्या पाठीवर चढते. चाकांची बॅग या मातीत ओढता येत नाही, हे पर्यटकाला शंभर पावलांत कळते. मग तीही डोक्यावर जाते.

सर्वांत अवघड काम हातरिक्षाचे. कोलकात्यात एकच माणूस रिक्षा ओढतो, कारण जमीन सपाट आहे. इथे दोघे किंवा तिघे लागतात. एक जण दांड्यांच्या मध्ये उभा राहून ओढतो, बाकीचे मागून रेटतात. चढावर पुढचा जवळजवळ जमिनीला समांतर वाकतो. टाचा टेकत नाहीत, सगळा भार चवड्यांवर असतो. उतारावर कामे उलटी होतात. पुढचा पाठीमागे रेलून दांड्या तोलतो, मागचे गाडी स्वतःकडे खेचून धरतात. ब्रेक असा तोच. उतारावर गुडघे जास्त झिजतात, म्हणून उतार सोपा हा प्रवाशाचा समज खोटा आहे. पावसात निसरडा चिखल आणि उघडी पडलेली मुळे, उन्हाळ्यात घोट्यांपर्यंत तांबडा धुरळा. गावातले म्हातारे, आजारी आणि गरोदर बायकाही याच रिक्षावर विसंबून राहिल्या, म्हणून ती केवळ पर्यटकांची हौस म्हणून मोडीत काढता येत नव्हती.

केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यामुळे झाडी टिकली, पण वाहनांवरची बंदीही कायम राहिली आणि पर्यायी वाहनाचा प्रश्न न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा आधी प्रायोगिक तत्त्वावर आल्या. घोडेवाल्यांनी धंदा बुडेल म्हणून विरोध केला, आणि तो पोटासाठीच होता. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यावरूनही वाद पेटला. घोड्यांचे पाय घसरतात, पाणी मुरत नाही, असे आक्षेप होते. परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, हा त्यांच्या मागणीचा गाभा.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढणे अमानवी ठरवले आणि सहा महिन्यांत ही प्रथा थांबवण्याचा आदेश दिला. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा घ्याव्यात आणि त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना चालवायला द्याव्यात, पैशांची अडचण ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण वाहन बदलले आणि परवाना भलत्याच्या हाती गेला तर ज्याने आयुष्यभर ओढले तोच बेकार होईल. पेव्हर ब्लॉकला मुभा आहे ती दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच रस्त्यावर. आतल्या वाटा आणि पॉइंटांकडे जाणारे रस्ते मातीचेच ठेवायचे आहेत.